पांढऱ्या पेशीच्या पोटात

माझ्या मावशीला रक्तपेशींची बाजू घेऊन भांडायची फार हौस. तिची सगळी नोकरी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मलेरियासाठी रक्ताच्या काचपट्ट्या तपासण्यात गेली. तांबड्या पेशी तिच्या लेखी बिचाऱ्या, कारण मलेरियाचा जंतू त्यांच्यातच बिऱ्हाड थाटतो. पांढरी पेशी मात्र लाडकी. "ती जंतूला गिळते गं," सांगताना तिचा चेहरा असा खुलतो, जणू घरच्या पोरीनंच कुस्ती मारली! "पण त्याच्यातला काळपट कण काही तिला पचत नाही. बरेच दिवस पोटात तसाच राहतो."

गेल्या वर्षी काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, ताप आला. उतरायचा, पुन्हा हुडहुडी भरायची. घरच्या माणसाची काचपट्टी आपण तपासायची नाही, हा प्रयोगशाळेचा दंडक. भीतीपोटी नको ते दिसतं. प्रयोगशाळेतल्या सोबतिणीनं तपासून सांगितलं, "जंतू नाही." डॉक्टर दुसरंच काहीतरी शोधू लागले. काका वाळत चालले आणि मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

शेवटी तिनं दंडक मोडला. तांबड्या पेशी स्वच्छ होत्या, पण एका पांढरीच्या पोटात काळपट ठिपके! रंगाचा मळही असाच दिसतो. तिनं भिंग जरा वरखाली केलं. मळ पेशीच्या वर राहतो. हे ठिपके तर पेशीबरोबरच स्पष्ट होत होते. तरी स्वतःवर भरवसा नको, म्हणून काही न बोलता तिनं सोबतिणीला पाहायला बसवलं.

"अगं, गिळलाय की हिनं!" ती म्हणाली.

मग बाकीचे जंतू गेले कुठे? मावशीला एकच उत्तर सुचलं. डॉक्टरांना सगळं सांगून, औषध घेऊन ती तडक घरी आली. मी काकांच्या उशाशीच होते.

"अहो, तपासायला रक्त द्यायच्या आधी मलेरियाच्या गोळ्या घेतल्यात ना?"

"दोनच. कपाटात उरलेल्या. म्हटलं, तुझी धावपळ कशाला."

"अर्धवट औषधानं तो मरत नाही, लपून बसतो! घसा कोरडा पडला माझा सांगून सांगून. आणि गोळ्या उरल्याच कशा? कोणी सोडल्या अर्ध्यावर?"

काका पांघरूण सारखं करू लागले. "तू," ते म्हणाले. "मागं तुला मलेरिया झाला होता तेव्हा. जरा बरं वाटलं आणि पळालीस कामाला."

मावशी पलंगावर बसली. तिला रडू आवरेना, आणि मलाही.

"तेव्हाच का नाही ओरडलात मला?"

"बरी दिसत होतीस," काका म्हणाले. "मी त्यातच खूश होतो."