हाफ टाइमला उठून जाणारी ताई

वैशालीचा फोन आला तेव्हा मॅच संपायला बारा मिनिटं होती. स्क्रीनवर भाचीचं नाव दिसलं आणि मी फोन पालथा करून टेबलावर ठेवला. फुटबॉल मंडळाच्या सेक्रेटरीला मॅचच्या रिपोर्टात प्रेक्षकांची संख्या लिहावी लागते, ती मी मोजत होतो. एकतीस. त्यातले दोघं फक्त सावलीला येऊन बसले होते, त्यांनाही धरलं. शिट्टी झाली, सह्या झाल्या, मग फोन सरळ केला तर सात मिस्ड कॉल. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. कधी, हे मी विचारलं नाही. मी माणसं मोजत होतो तेव्हाच.

त्याला आता सव्वा महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत आपल्या गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं लिहितात, तसंच लिहायला मीही बसलो होतो. दोनदा लिहून फाडलं. ताईबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण माझ्याबद्दलचं एक सांगितल्याशिवाय ते सगळं खोटंच होईल... म्हणून तेही लिहितो आहे. मला बोलायची सवय नाही. आयुष्यात बरंच नुकसान त्या गप्प बसण्यानं झालं, आणि ते बहुतेक दुसऱ्यांचं झालं.

सुमनताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही भिंगारला राहायचो. वडील लष्करी डेपोत सिव्हिलियन कामगार होते. संध्याकाळी जवानांच्या मॅच चालायच्या आणि कुंपणाबाहेर आम्हा पोरांची रांग लागायची. त्या रांगेत परकरातली एकच मुलगी. ऑफसाइड म्हणजे काय हे मला तिनं शिकवलं, अंगणात विटांचे तुकडे मांडून. ती मोठी झाली तसं वडिलांनी बंद केलं. "गड्यांच्या मैदानात पोरीचं काय काम?" त्यावर ताई म्हणाली, "मग दिन्याला घेऊन येणार कोण? त्याला रस्ता वलांडता येत न्हाई." मला रस्ता ओलांडता येत होता. पण मी गप्प राहिलो आणि ती येत राहिली. माझं गप्प राहणं तिच्या कामी आलं ते तेवढंच एकदा.

पुढं ती एसटीत कंडक्टर झाली. नगर–घोडेगाव–नेवासा ही तिची बरीच वर्षं गाडी. बोर्डावर अहिल्यानगर आलं तरी तिच्या तोंडात शेवटपर्यंत 'नगर, नगर, नगर' तेच. घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी गाडीत माणसं, शेळ्या, कोंबड्या, सगळं एकत्र. त्या गोंगाटावर चढणारा आवाज तिनं कमावला होता आणि रविवारी तोच आवाज आमच्या मैदानावर लागायचा. आमचे बचावपटू गोलपाशी घोटाळायला लागले की ही ओरडायची, "दारात उभं राहू नका, आत सरका!" बॉल घेऊन कुणी पळत सुटला की, "डबल बेल! डबल बेल! आता थांबायचं न्हाई!" समोरच्या टीमची पोरंसुद्धा हसायची. मी तेव्हा स्टॉपरला, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळायचो. माझ्या चुकीनं गोल बसला की घरी आल्यावर म्हणायची, "काय रं, तिकीट न काढता गेला की तो तुझ्या शेजारनं."

पण हाफ टाइम झाला की ताई उठायची. अंगाखालच्या वर्तमानपत्राची घडी करायची, पदर खोचायची आणि चालू लागायची. मॅच कितीही रंगलेली असो. पोरांनी तिला नावच ठेवलं होतं, 'हाफ तिकीट'. "चालली का हाफ तिकीट?" ती मागं न बघता हात हलवायची. मीही हसायचो. मला वाटायचं, घरी स्वयंपाक असेल, वैशाली लहान आहे, ड्यूटी असेल. काहीतरी असेल. इतकी वर्षं मी विचारलं नाही.

एकदाच ती थांबली. माझ्या शेवटच्या हंगामातली फायनल होती आणि एकएक अशी बरोबरी झाली होती. जादा वेळ, मग पेनल्टी. आम्ही जिंकलो. मला खांद्यावर घेतलेलं होतं आणि वरून मी बघितलं, ताई रेलिंगला दोन्ही हातांनी धरून वाकून उभी होती. मला वाटलं, आनंदानं रडते आहे. मग ती जवळजवळ पळतच रस्ता ओलांडून समोरच्या एका घरात शिरली. त्या घरातल्या बाईला ती ओळखतही नव्हती. घरी जाताना मी म्हटलं, "काय झालं गं तुला?" ताई थांबली. "मॅचच्या दिवशी सकाळपासून पानी पीत न्हाई मी, दिन्या. चहासुद्धा न्हाई. तरी हाफ टाइमच्या पुढं दम निघत न्हाई." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तुमी भिंतीकडं त्वांड करता. आमी काय करायचं?"

मी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. खरं सांगतो, तेव्हा माझ्या मनात तेवढंच आलं.

पुढं मी खेळणं सोडलं आणि मंडळाचा सेक्रेटरी झालो. प्रेक्षक आटत चालले होते. नऊ वर्षांपूर्वी अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या निवृत्त पी.टी.च्या सरांनी, त्यासाठी खास बैठक लावायचं ठरवलं. ताईच्या घरी चहा पिताना मी सहज म्हणालो, "लोक मॅचला का येत नाहीत, यावर मीटिंग आहे." ती कितीतरी वेळ हसत होती. दुसऱ्या दिवशी तिनं अर्ज लिहून माझ्या हातात दिला. "वाचून दाखव तिथं. समद्यांपुढं."

मी दोनच ओळी वाचल्या. मैदानावर बायकांना लघवीला जायला जागा नाही, असं तिनं सरळ लिहिलं होतं. खाली तिचं नाव असणार, आणि ती माझी बहीण आहे हे सगळ्यांना माहीत. पुढचं न वाचता मी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

बैठक शाळेच्या एका वर्गात होती. आठ पुरुष, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेले. कारणं निघत गेली. टीव्हीवर परदेशातल्या मॅच फुकट दिसतात. पोरं मोबाईल सोडत नाहीत. क्रिकेटनं सगळं खाल्लं. ऊन फार, गाड्या लावायला जागा नाही. सर शांतपणे लिहून घेत होते. शेवटी त्यांनी मान वर केली. "आणखी कुणाला काही सुचतंय? सेक्रेटरी, तुम्ही बोलला नाहीत." खिशातला कागद मला छातीवर जाणवत होता. कोपऱ्यात पाण्याचा जार होता. मी उठलो, ग्लासभर पाणी प्यालो आणि म्हणालो, "सगळं आलंच आहे, सर." ठरावात दोन गोष्टी झाल्या. चौकात खेळाडूंच्या फोटोंचा फ्लेक्स लावायचा आणि पाहुण्यांसाठी शामियान्यात सोफा ठेवायचा. परतताना पुलावर थांबून मी अर्ज फाडला आणि सीना नदीत टाकला.

ताई दारातच उभी होती. "काय झालं रं?"

"मांडला. नामंजूर झाला."

"कोन काय म्हनलं?"

तिनं एवढं विचारलं नसतं तर मी कदाचित नुसताच खोटा ठरलो असतो. पण तिनं विचारलं आणि मी एका भल्या माणसाच्या तोंडी वाक्य घातलं. "सर म्हणाले, एकटी बाई येते, तिच्यासाठी बांधकाम काढायचं का?"

ताई म्हणाली, "एकटीच का येती, ते न्हाई इचारलं त्यांनी?"

त्यानंतर ती दोन मॅचला आली. ओरडली नाही. मग यायची बंद झाली. मी रिपोर्टात आकडे लिहीत राहिलो, पन्नास, चव्वेचाळीस, अडतीस. ताई कमी झाल्याचं त्यात कुठंच दिसत नव्हतं. बाजारात सर समोर आले की ती तोंड फिरवायची. एकदा सरांनी मला बाजूला घेतलं. "तुमची बहीण माझ्यावर का रागावली आहे हो? माझं काही चुकलंय का?" मी म्हटलं, "तिचा स्वभावच तसा आहे, सर." त्या माणसानं मान डोलावली... आणि पुढच्या वेळी ताई दिसली तेव्हा त्यांनी स्वतःच रस्ता बदलला.

तिला शुगर होती. त्यात लघवीचं इन्फेक्शन वारंवार व्हायचं आणि शेवटी किडनीवर गेलं. डॉक्टरांना एकटं गाठून मी विचारलं, वर्षानुवर्षं तहान मारून राहिल्यामुळे हे झालं असेल का. ते म्हणाले, "शुगर जुनी आहे, वय आहे. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही." हे वाक्य मी पुष्कळ दिवस औषधासारखं वापरलं. आता त्याचा गुण येत नाही.

दवाखान्यात मी रविवारी मॅच आटोपून जायचो. तिला पाणी मोजून मिळत होतं. ओठ सुकलेले असायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "आज किती मानसं?"

"एकोणचाळीस."

"आन् बायका?"

एकही नव्हती. कधीच नसते. पण मी म्हटलं, "दोन-तीन होत्या."

"व्हय?" ती उशीवरून थोडी उठली. "कुनाच्या? शेवटपर्यंत बसल्या?"

"बसल्या की."

"लई बरं झालं," ताई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. खरं सांगायला ती वेळ होती. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी तिच्या पायावरची चादर नीट केली आणि निघालो. त्यानंतर दोन आठवड्यांनी वैशालीचा तो फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सर आले. हातात पांढरी फुलं, काठी टेकत. वैशालीला त्यांनी जयभीम घातला, तर तिनं तोंड फिरवलं, हुबेहूब आईसारखं. सर फोटोपुढं फुलं ठेवून मागच्या रांगेत जाऊन बसले. माणसं गेल्यावर वैशाली भांडी आवरत म्हणाली, "या माणसाला यायला लाज कशी वाटली नाही, मामा?" मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पुलावरचंही, दवाखान्यातलंही. तिच्या हातात पातेलं होतं. ते तिनं खाली ठेवलं नाही.

"म्हणजे त्यांनी काहीच केलं नव्हतं?"

"नाही."

"आणि आईनं नऊ वर्षं त्यांना... आणि तू इथं येऊन चहा पीत होतास."

"हो."

मी माफ कर म्हणायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "मला नको सांगू. मी कोण माफ करणारी?" आत गेली आणि ताईच्या पत्र्याच्या पेटीतून एक पातळ कागद घेऊन आली. कार्बनची प्रत. कंडक्टरकीत ताईला सवय लागली होती, लिहायचं ते कार्बन घालून लिहायचं. साध्या अर्जाचीही तिच्यापाशी प्रत असायची. "जिथं वाचायचा होता तिथं वाच," वैशाली म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

घरी तो उघडायचं धाडस झालं नाही. मागच्या रविवारी मंडळाची बैठक होती, त्याच शाळेत. मी उभा राहिलो. आधी सरांच्या तोंडी घातलेलं वाक्य त्यांच्यासमोर जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि ते माझं होतं हे सांगितलं. काठीच्या मुठीवर सरांची बोटं हलली, तेवढंच. मग मी घडी उघडली आणि वाचायला लागलो. निळी अक्षरं पुसट झाली होती, पण लागत होती.

"मी लहानपणापासून मॅच बघते आणि आपल्या मैदानावर बरीच वर्षे येते. मैदानावर बायकांना लघवीला जायला जागा नाही. म्हणून मी मॅचच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही, तरी हाफ टाइमला घरी जावे लागते. एक फायनल सोडली तर दुसरा हाफ मी बघितलेला नाही. माझा भाऊ चांगला खेळायचा असे लोक सांगतात, पण मी त्याला अर्धाच बघितला आहे. सोय झाल्यास मी येईन आणि माझ्याबरोबर आणखी चार जणींना आणीन."

इथं मला वाटलं, एवढ्यावरच अर्ज संपला. खाली सही दिसत होती. पण सहीच्या खाली आणखी तीन ओळी होत्या. त्या मी पहिल्यांदाच बघत होतो, तिथं, सगळ्यांसमोर, आणि आता थांबता येत नव्हतं.

"ता. क. हा अर्ज माझा भाऊ दिनकर घेऊन येईल. त्याला असले बोलायची लाज वाटते, त्यामुळे तो खिशातच ठेवील. त्याला रागावू नये. तरी अध्यक्षांनी स्वतः त्याच्याकडून मागून घ्यावा, ही विनंती."

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. काठी बाकाला टेकवून ठेवली आणि बसल्या जागेवरून हात पुढं केला.

"द्या," ते म्हणाले.

मला तो कागद लवकर हातातून सोडवेना.