ऑर्विलचा अलार्म

आजचं काम उद्यावर ढकलणाऱ्या माणसांचा व्हर्ना हॅस्कलला मनापासून राग. नेब्रास्कातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढलेली बाई ती. तिथे बटाटे उद्या सोलून चालत नाही. नवरा गेला, घर विकलं, आणि सत्तरी उलटल्यावर त्याच्या जुन्या मोटरहोममध्ये ती एकटीच अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात राहायला आली. हिवाळाभर तिथल्या कोरड्या ओढ्याच्या काठी तिच्यासारख्यांच्या पंधरा-वीस गाड्या उभ्या असत. नळ नाही, विजेची तार नाही.

लोकांना वाटतं, चाकांवरचं घर म्हणजे नुसती मजा. मजा करणाऱ्यांनी एकदा मैल्याची टाकी रिकामी करून बघावी. पाण्याचा थेंबन् थेंब आपण आणायचा आणि वापरून झाला की आपणच नेऊन ओतायचा. सकाळी उठून सोलर पॅनेलवरची धूळ पुसायची, नाहीतर संध्याकाळी दिवा लागत नाही. छताच्या भेगा बुजवायच्या, गॅसचा बाटला हलवून बघायचा, वायरी कुरतडणाऱ्या उंदरांसाठी पिंजरे लावायचे. व्हर्ना हे सगळं स्वतःचं करी आणि शेजारच्या ऑर्विल पिकेटचंही करी.

ऑर्विल अठ्ठ्याहत्तरचा. उभा जन्म विहिरी खणायच्या यंत्रावर गेला आणि बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी झाली. साधा डबा उघडायचा तरी व्हर्नाला हाक. ती आली की म्हणायचा, "आली आमची हेडमास्तरीण." ती त्याला आळशी म्हणे. खरं तर दिवसभरात दुसऱ्या कुणाशी बोलायला ती जातच नसे.

त्या वस्तीत एक रिवाज होता. सकाळी सातपर्यंत प्रत्येकाने गाडीच्या आरशावर काहीतरी टांगायचं. व्हर्ना भांडी पुसायचं फडकं टांगी, ऑर्विल त्याची हिरवी टोपी. आठपर्यंत काही दिसलं नाही, तर शेजाऱ्याने दार ठोठावायचं. एकट्या माणसांना दुसरं कोण विचारणार?

त्या जानेवारीत ऑर्विलच्या बॅटऱ्या कोरड्या पडल्या. गाडीत ऊब देणारी भट्टी तशी गॅसवर चालते, पण तिचा पंखा बॅटरीवर. पंख्यापुरती वीज उरेना, म्हणून तो गॅसची छोटी उघडी शेगडी लावून बसू लागला. अशी शेगडी बंद खोलीतली हवा खाते आणि विषारी वायू सोडते. त्या वायूला ना रंग ना वास. म्हणूनच प्रत्येक गाडीत जमिनीलगत एक अलार्म बसवलेला असतो. पण तो चालतो गाडीच्याच बॅटरीवर, आणि ती मंदावली की हाच अलार्म दर अर्ध्या मिनिटाला चिवचिव करत सुटतो. म्हणजे ज्या दिवसांत त्याची खरी गरज, नेमका त्याच दिवसांत तो नकोसा होतो.

मंगळवारी ऑर्विलने तिला बोलावलं. डोळे लालभडक.

"व्हर्ना, हे यंत्र काढ बाई. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही."

"बॅटऱ्यांत पाणी नाही म्हणून वाजतंय ते. उद्या गावात जातेय. डिस्टिल्ड पाणी आणून ओतते, आपोआप गप्प बसेल."

"मग उद्या परत लाव. आजच्या रात्रीपुरतं तरी काढ. माझी बोटं धड असती तर तुझ्या पाया कशाला पडलो असतो?"

दोन स्क्रू, दोन वायरी. व्हर्नाला सवय होती. स्वतःच्या गाडीतला अलार्म तिने दोन वर्षांपूर्वीच काढून ठेवला होता, आणि अर्ध्या वस्तीने तेच केलं होतं. ऑर्विलचा अलार्म तिने घरी नेला आणि आपल्या अलार्मशेजारी खणात ठेवला. निघताना बजावलं, खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची. तो म्हणाला, ठेवतो, हेडमास्तरीणबाई.

बुधवारी ती गावात गेली. गावात जायचं म्हणजे घरच घेऊन जायचं. कपबश्या कपाटात कोंबा, खुर्च्या बांधा, पॅनेलं उतरवा. मैला ओतायच्या रांगेत दोन तास गेले. मग पिण्याचं पाणी, गॅस, कपडे धुणं. शेवटी दुकान. थंडीच्या दिवसांत सगळ्यांच्याच बॅटऱ्या पाणी मागतात. फळीवर डिस्टिल्ड पाण्याचा चार लिटरचा एकच डबा उरला होता.

अर्धं त्याला, अर्धं मला, असं ठरवूनच ती परतली. चार वाजून गेले होते आणि वारा सुटला होता. आधी तिने आपल्या बॅटऱ्यांची झाकणं उघडली. आतल्या प्लेटा उघड्या पडलेल्या. दोन लिटर ओतले तरी प्लेटा बुडेनात. अर्धवट भरून दोघांच्याही बॅटऱ्या वाया घालवण्यापेक्षा एकाच्या तरी धड राहू देत, असा हिशेब तिने केला. असा हिशेब करताना तो 'एक' आपणच असतो, हे कुणाला सांगावं लागत नाही. तिने डबा उपडा केला.

मग ऑर्विलच्या दारात जाऊन म्हणाली, "पाणी मिळालं नाही रे. उद्या पलीकडच्या गावातून आणते."

"मग तो पक्षी आज परत लावू नकोस. काल मेल्यासारखा झोपलो होतो."

अलार्म तिच्या कोटाच्या खिशात होता. वाजला असता तरी लावायला हवा होता, हे तिला तिथे दारात उभं असतानाच कळत होतं. पण पाण्याबद्दल खोटं बोलल्यावर तिला तिथे उभं राहवेना. ऑर्विलने तिच्या हातात पीचचा एक डबा दिला, एवढी धावपळ केलीस म्हणून. तो घेऊन ती घरी आली.

गुरुवारी सकाळी सात वाजले, आरशावर टोपी नव्हती. व्हर्ना आठपर्यंत थांबली नाही. रात्री वाळूचं वादळ झालं होतं आणि ऑर्विलने खिडकी घट्ट लावून घेतली होती. शेगडी गॅस संपून विझली होती. तो खुर्चीत बसलेला, अंग थंडगार, पण त्या वायूने गाल गुलाबी, नुकताच उन्हातून आल्यासारखा. इतका टवटवीत तिने त्याला कधीच पाहिला नव्हता. तिने त्याची टोपी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली आणि ती तिथेच खाली बसली.

शेरीफच्या पोलिसाने भिंतीतून लोंबणाऱ्या दोन वायरी पाहिल्या आणि मान हलवली. म्हणाला, म्हातारे स्वतःच उपटतात, दर हिवाळ्यात एक तरी. व्हर्नाला त्याने काही विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. रोज त्याचा डबा उघडून देणाऱ्या बाईला माहीत होतं, की ती बोटं स्क्रू फिरवू शकत नव्हती.

शनिवारी ओहायोहून त्याची मुलगी नोरीन आली. गाडी आवरताना ती त्या रिकाम्या चौकोनापाशी थांबली.

"इथला अलार्म कुठे गेला? मागच्या नाताळात मीच घेऊन दिला होता."

व्हर्ना उठली, घरी गेली, खणातून अलार्म काढून आणला आणि तिच्यासमोर ठेवला. मग तिने सगळं सांगितलं. चार लिटरचा डबा, आपल्या बॅटऱ्या, दारातलं खोटं, काहीही गाळलं नाही. सांगितल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

नोरीनने अलार्म उलटा करून पाहिला.

"वाजत होता ना?"

"हो."

"मग वाजू द्यायचा होता."

तिचा आवाज चढला नाही. तिने अलार्म पिशवीत टाकला. दुपारी गाडी ओढून न्यायला माणूस आला, आणि त्याच्यामागून तीही निघून गेली. शेजारच्या जागेवर चाकांचे चार खड्डे तेवढे राहिले.

व्हर्नाने खणातून आपला अलार्म काढला. दोन वायरी, दोन स्क्रू. तो जागेवर बसवून ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तो चिवचिवावा, रात्रभर चिवचिवावा, आपल्याला झोप लागू नये, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. पण तिच्या बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या होत्या. हिरवा दिवा लागला, आणि यंत्र गप्प राहिलं.