नाचणगावात न वाजलेला जेंबे

सकाळचा चहा गाळत होतो तेव्हा प्रभाकरच्या घरून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठूनच नाई राह्यले..." मी गॅस बंद केला. शेजाऱ्याच्या गाडीतून पिपरी मेघेहून नाचणगावला निघालो. निघताना दिवाणाखालचा प्रभाकरचा जेंबे काढला, रजईत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसलो. जेंबे म्हणजे आफ्रिकेतला ढोल. एकाच खोडातून कोरलेला, वर रुंद, खाली निमुळता, तोंडावर बकऱ्याचं कातडं, काठीऐवजी तळहातांनी वाजवायचा. "माह्या मयतीच्या वेळी हे वाजवजो, मन्या," असं प्रभाकर मला म्हणाला होता आणि मी हो म्हटलं होतं. आता ती वेळ आली होती आणि वाटेतच मला कळून चुकलं होतं की, हे काही धड व्हायचं नाही.

प्रभाकर माझा शाळेपासूनचा दोस्त. मी आर्वीला एसटीच्या डेपोत मेकॅनिक झालो, तो बोअरवेलच्या मशीनवर लागला आणि तेच काम करत आफ्रिकेतल्या मालीपर्यंत पोचला. जगाला पाणी काढून देतो आणि स्वतःच्या नळाला पाणी नाही, अशी आम्ही त्याची थट्टा करायचो. तो तिकडे असतानाच त्याचा एकुलता एक मुलगा, सुमेध, पुलगावच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून गेला. तिकीट मिळेपर्यंत इकडे सगळं आटोपलं होतं. आता कोणासाठी जायचं, म्हणून तो तिथेच राहिला. रोज मशीन चालवायचा, जेवायचा, झोपायचा. रडू मात्र येईना. "छातीत बोअर मारला असता तरी पानी लागलं नसतं," असं तो नंतर सांगायचा, हसत हसत.

त्याच्या हाताखाली बाकारी नावाचा लोहार होता. त्या गावात लोहारच हे ढोल कोरतात. एका संध्याकाळी बाकारीने त्याला आपल्या अंगणात नेलं. गावचे बाप्ये गोल करून बसले होते. प्रभाकरला त्यांनी मध्ये बसवलं, गुडघ्यांत जेंबे दिला आणि एकच ठोका शिकवला, कातड्याच्या मधोमध, जड हाताने. बाकीचे त्याच्या भोवती आपापली लय विणत राहिले. कोणी विचारलं नाही की काय झालं, कोणी म्हटलं नाही की धीर धर. भाषा तर एकमेकांची येतच नव्हती. तो चुकला की सगळे त्याच्यासाठी थांबायचे आणि पुन्हा त्याच्याच ठोक्यावरून सुरू करायचे. तिथे तो रडला. बाप्यांच्या देखत, वाजवता वाजवता, नाक गळेपर्यंत... परत येताना बाकारीने स्वतः कोरलेला जेंबे त्याला दिला.

आणि इथे आल्यावर या गड्याने काय करावं? पहिल्याच दिवशी, न्हाऊन-धुऊन, अंगणात बसून तो वाजवायला घेतला! मी तिथेच होतो. आबा, म्हणजे प्रभाकरचे वडील, पंच्याऐंशीच्या पुढचे, काठी टेकत बाहेर आले. चेहरा असा की मीच उभा राहिलो.

"कोनं आनलं हे डफडं घरात?"

"डफडं नोहे, आबा."

"कातडं हाय ना? मंग झालं. उन असो, पानी असो, कोनाचं लगन असो का कोनी मरो, आमी पुढं वाजवत चालाचं, आन मांगून उरलंसुरलं खाचं. छपन साली बाबासायबासंग दीक्षा घेतली आन माह्या बापानं डफडं हिरीत टाकलं. तवा आपन मानसं झालो. आन तू काऊन परत घेऊन आला?"

"तिथं याले मान हाय, आबा."

"वाजवनारा कोन न आयकनारा कोन, थे सांग."

प्रभाकरने जेंबे जवळ ओढला. "आयकनारा येगळा कोनी नसते. सारेच वाजवतात."

"थे तिथलं," आबा म्हणाले. "इथं गाव आयकते."

माझ्याही आज्याच्या गळ्यात डफडं होतं आणि ते टाकलं म्हणूनच माझ्या हातात पुस्तक आलं. आबांचं खरं होतं. पण सुमेधचं दुःख प्रभाकरला ज्या एका वाटेने बाहेर काढता येत होतं, ती वाट त्याच्याच घरात बंद होती. बापाचा शब्द मोडायचा नाही आणि ढोल सोडायचा नाही, अशा कात्रीत तो सापडला. शेवटी जेंबे पिपरी मेघेला माझ्या घरी आला.

दर रविवारी दुपारी तो यायचा. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, पंखा फुल करायचो आणि दोन चोर बसावेत तसे बसायचो. मला आधी हसूच यायचं. माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मी टीव्ही लावून दिवस ढकलत होतो. मला काही होत नाही, असा माझा पक्का समज होता. एका रविवारी त्याने मला मधला ठोका दिला आणि स्वतः पत्र्याचा डबा घेतला... तेव्हापासून मी हसलो नाही. मग गल्लीतले दोघे रिटायर लोक येऊ लागले. घामाने निथळत वाजवायचो, पण खिडकी उघडायची हिंमत एकाचीही नव्हती. बरं वाटायचं आणि कोंडल्यासारखंही वाटायचं. प्रभाकरला तर जास्तच. "मोकळ्यात एक डाव वाजवाचं हाय, मन्या," म्हणायचा. तेव्हाच त्याने तो शब्द घेतला.

नाचणगावला पोचलो तेव्हा बुद्धवंदना सुरू व्हायची होती. मी आबांना बाजूला घेऊन सांगितलं.

"माह्या पोराच्या मयतीत वाजवनार? आपल्याच लोकायच्या पुढं?"

"त्यानंच सांगतलं होतं, आबा."

"माहीत हाय मले. मलेबी सांगतलं होतं त्यानं." त्यांनी काठी जमिनीवर टेकली. "नाई म्हनजे नाई."

जेंबे गाडीतच राहिला. शब्द पाळता आला नाही आणि आबांवर रागावताही आलं नाही. आजही येत नाही.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्यानंतर काही आठवडे गेले आणि एका रविवारी दुपारी आबा माझ्या दारात उभे. एसटीने, एकटेच आले होते. पाणी प्यायले, खोलीभर नजर फिरवली. "कुठं बसे तो?" मी दाखवलं. तिथल्याच खुर्चीवर बसले.

"काय वाजवे?"

मी जेंबे काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी मान हलवली. "मी हात नाई लावनार. तू वाजव."

मी मधला जड ठोका धरला. खाली मान घालूनच वाजवत होतो, त्यांच्याकडे बघायची सोय नव्हती. बऱ्याच वेळाने वर पाहिलं तर आबांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन दाबून धरले होते. खांदे मात्र ठोक्यावर हलत होते, आणि तोंडावरून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता. माझा हात थांबला.

"काऊन थांबला?" आबा म्हणाले. "वाजव न."