जावईबापूंचा गळका नळ

भित्रेपणात माझ्या जावयाचा हात धरील असा माणूस अख्ख्या अमेरिकेत नसेल. लोक वाघाला भितात, साहेबाला भितात, बायकोला भितात. हा पुण्याचा शिकलेला इंजिनिअर, न्यू जर्सीत स्वतःचं घर, दारात दोन गाड्या, आणि भितो कशाला, तर पाइपातल्या पाण्याला. ते गोठेल म्हणून. मी चौथी शिकलेला माणूस. पण साखर कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होतो, आणि मी नुसता बघितला तरी पाइप सरळ होतो, असं तिथले लोक म्हणायचे. माझी लेक लहानपणी शाळेत सांगायची, कारखाना माझे आबा पाणी सोडतात म्हणून चालतो. दोन हजार चारच्या थंडीत तिचं बाळंतपण होतं, म्हणून मी आणि बायको तिच्याकडं राहायला गेलो. इंग्रजी येत नव्हतं, टीव्हीचं बटण कळत नव्हतं, त्याची मला फिकीर नव्हती. लेकीच्या नजरेतला तो फिटर तेवढा होता तसा राहायला हवा होता.

जावईबापूंची थंडीची तयारी ऑक्टोबरातच सुरू झालेली. फ्रिजवर कॉम्प्युटरवर छापलेला तक्ता. कुठला पाइप, कुठल्या भिंतीत, त्याला काय गुंडाळायचं; आणि झालेल्या कामापुढं हिरवी खूण. बागेच्या नळाचं पाणी आतून तोडायचं, रबरी नळी उतरवायची, उरलेलं पाणी सांडून टाकायचं, एवढं काम. माझ्या हाताखालचा हेल्पर विडी संपायच्या आत ते उरकून मोकळा झाला असता. यांनी शनिवारची अख्खी सकाळ घातली. शेवटी नळीत पाणी राहिलं असेल अशी शंका आली, तेव्हा तिचं टोक तोंडाला लावून फुंकत बसले. तोंड लालभडक झालं, आणि पलीकडच्या टोकातून दोन थेंब आणि एक गांडूळ बाहेर पडलं. "पाहिलंत मामा? आत राहिलं असतं तर एक्सपांड झालं असतं." मी विचारलं, "गांडूळ?" ते हसले नाहीत. थंडीच्या बाबतीत ते हसत नाहीत.

बेसमेंटमधल्या पाइपांना त्यांनी फोमची नळकांडी चढवली. एका कोपऱ्यात वीतभर पाइप उघडा राहिला आणि फोम संपला. दुकान बंद झालेलं. यांच्या घशाखाली घास उतरेना. ताटावरून उठले, कपाटातून लग्नात मी मानानं बांधलेला कोशा फेटा काढला आणि त्या पाइपाला गुंडाळून आले. लेक म्हणाली, "अरे, तो आबांनी दिलेला फेटा आहे." तर म्हणे, "मग वापरतोय ना." घरात पाच ठिकाणी थर्मामीटर. लोक जेवताना गप्पा मारतात, हे आकडे वाचून दाखवायचे. नात झाली त्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, "मामा, मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. सिंकखालचं टेम्परेचर किती आहे जरा बघता का?"

ते सिंक बाहेरच्या भिंतीला लागून होतं, म्हणून सगळा जीव त्याच्यावर. खालच्या कपाटाची दारं सुतळीनं बांधून कायम उघडी ठेवलेली, आतल्या पाइपाला घराची ऊब लागावी म्हणून. घरात एक गुडघा त्या दारांच्या तावडीतून सुटला नाही. आणि थंडी वाढली की रात्रभर नळाची काडीएवढी धार चालू ठेवायची. हलतं पाणी गोठत नाही म्हणे.

बाकी सगळं मी हसण्यावारी नेलं. गळका नळ मला सोसेना. कारखान्याच्या वसाहतीत कुणाचा नळ टिपकतोय असं कळलं तर मी जेवण टाकून पाना घेऊन जायचो. गळका नळ म्हणजे फिटरची अब्रू रस्त्यावर. आणि इथं मी घरात असताना टिप टिप टिप. लेकीला बोललो, तर ती म्हणाली, "करू दे हो आबा त्याला. नाहीतर झोपत नाही तो." जानेवारीत एक दिवस मंडळी झोपायला वर गेली आणि मी तो नळ बंद केला. माझ्या पद्धतीनं, पुन्हा गळायची हिंमत होणार नाही असा. कपाटाची दारंही लावून टाकली. बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

सकाळी नळाची धार बंद. जावईबापूंनी नळाची मूठ एका हातानं फिरवून पाहिली, मग दोन्ही हातांनी. कशीबशी सुटली, पण थेंब आला नाही. मग त्यांनी माझ्या मनगटाकडं पाहिलं. केस वाळवायचं यंत्र घेऊन सिंकखाली आडवे झाले आणि पाइपाला गरम वारा घालत राहिले. पाइप रात्रीच चिरला होता, पण चिरेत बर्फ बसलेला. अकराच्या सुमाराला बर्फ सुटला आणि भिंतीतून पाणी धो धो आलं. हे बेसमेंटकडं पळाले, मुख्य कॉक बंद करून आले, तोवर स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. लेक बारा दिवसांचं बाळ छातीशी धरून जिन्यात उभी.

"धार बंद कुणी केली?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

"मी," जावईबापू म्हणाले. "पाणी उगाच वाया जातंय असं वाटलं."

"तू? तू केलीस बंद?"

"चुकलं गं."

"कमाल आहे. रोज आबांना लेक्चर देतोस, आणि घरात बाळ असताना हे असलं करतोस. आबा, आता तुम्हीच बघा बाई."

मी म्हणालो, "बघतो." तेवढंच म्हणालो.

प्लंबर दोन दिवस येणार नव्हता, सगळ्या गावाचे पाइप फुटलेले. मग मीच भिंत फोडली, चिरलेला तुकडा कापला, दुकानातून तांब्याचा नवा आणवला आणि सांध्याला डाग द्यायला बसलो. जावईबापू बॅटरी धरून शेजारी उकिडवे. मी हळूच म्हणालो, "जावईबापू, तो नळ काल..."

"मामा, उजेड पुरतोय का?"

"पुरतोय. मी काय म्हणत होतो..."

"थोडा वर धरतो."

पाणी सोडलं. सांध्यातून एक थेंब आला नाही. लेक म्हणाली, "बघ, याला काम म्हणतात." ते म्हणाले, "मामांचा हात आहे तो." त्यात कुठं टोमणा लपलाय का, ते मी फार शोधलं. नव्हता.

याला आता चार वर्षं झाली. त्या माणसाला मी अजून भित्रा म्हणतो, पण पहिल्यासारखं मोठ्यानं म्हणवत नाही. थंडी आली की लेक फोनवर सांगते, "आबा, मी याला सिंकजवळ फिरकूसुद्धा देत नाही." परवा फोन चालू असतानाच तिनं ती गोष्ट नातीला ऐकवली, बाबांनी घरात कसं पाणी केलं होतं ती. पोरगी खळखळून हसली, म्हणाली, "सिली बाबा." मागून जावईबापूही हसले.

मी म्हणालो, "त्यांना दे जरा फोन."

"बोला मामा."

सांगायचं म्हणूनच मागून घेतला होता. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

"जेवलात का?" मी विचारलं.

"आत्ताच. तुम्ही?"

"चहा झाला."

त्यानंतरही फोन त्यांनी ठेवला नाही, आणि मीही नाही.