शाफ्टाला लागून राहिलेली चिप

लाइन गेली आणि मशीन घरघरत थांबली, ती भर दुपारची वेळ. वडशाच्या आमच्या लहानशा वर्कशॉपात हे लेथवर राइस मिलचा शाफ्ट सोलत होते, मी शेजारी स्टुलावर. ‘येईल लाइन आता,’ म्हणत हे भिंतीजवळच्या बाकड्यावर टेकले. मी बोलत राहिले... नाटकाचा मंडप, पुतणीचं लग्न, संध्याकाळची भाजी. हुंकार येत नव्हता, पण हुंकार न देणं ही यांची जुनीच खोड. लाइन आली, दिवा लागला, तेव्हा कळलं की मी कोणाशीच बोलत नव्हते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सांत्वनाला आलेल्या बायका म्हणाल्या, भाग्याचं मरण. असेल. मला असलं भाग्य नको होतं.

हे म्हणजे टर्नर सुखदेव, माझे पती. मी लग्न होऊन चामोर्शीहून आले तेव्हा मला वाटायचं, लोखंड कापायचं म्हणजे काकडी कापल्यासारखंच असेल. तसं म्हटल्यावर हे पोटभर हसले. ‘मशीनचं हे टोकदार टूल कापत नाई, सुमन. ढकलते,’ म्हणाले. ‘पोत्यांची थप्पी लोटली का पोती तिरपी सरकतात ना एकावर एक? तसं लोखंड सरकत सरकत टूलवर चढते. तेच चिप.’ मग गार झालेली एक चिप माझ्या तळहातावर ठेवली. टूलवरून घासत आलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत, दुसरी धानाच्या टरफलासारखी खरबरीत. ‘जेवढं सोललं त्याच्याहून चिप आखूड होते अन् जाड होते. दबून येते बिचारी.’ ओतीव बिडाचा नुसता भुगा पडतो, त्याचं यांना कौतुक नव्हतं. पोलादाची लांब, वेटोळी चिप निघाली की स्वारी खूश. नवऱ्यानं बायकोला गजरा आणावा, हे चिप दाखवायला बोलवायचे.

पुढे साखरेनं डोळे धरले. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मागचा पडदा खराब झाला आहे, आहे तेवढं जपा. मोजमाप यांच्या बोटांत होतं, कॅलिपर लावला की बोटं बोलायची. आवाजावरून टूलची धारही कळायची. पण चिपचा रंग दिसेना, आणि रंगच तर सांगतो पोलाद किती तापलं ते. पांढरी असली तर चालू द्यायचं, पिवळी पडली तर पाणी वाढवायचं, निळी झाली तर थांबायचं, नाही तर टूल जळतं. एका दिवशी टूलं जळत गेली आणि हे मशीनला हात लावून नुसते उभे राहिले. रडले नाहीत. मीच रडले. ‘मशीन सुटली तर मी कोन?’ एवढंच म्हणाले. मी घरातून स्टूल आणलं. ‘अवो, मले तर दिसते ना,’ म्हटलं, ‘मी सांगीन.’

तेव्हापासून ‘पांढरी... पांढरी... पिवळी’ हा आमचा संसार. गिऱ्हाईक आलं की मी अगदी हळू सांगायची, मशीनच्या आवाजात फक्त यांना ऐकू जाईल असं. डोळ्यांचं कळलं तर काम कोण देणार? लोकांना वाटे, बाई नवऱ्यावर पहारा ठेवते. ‘सुखदेवभाऊ, बायकोचा बैल झाला गा तू!’ म्हणत. ‘का करू बाप्पा, भेव लागते,’ हे हसून म्हणत. मी तोंडात पदर कोंबायची. चारचौघांत बैल म्हणवून घेतलं, पण मशीन सोडली नाही.

हे गेल्यावर मी बरेच दिवस वर्कशॉप उघडलं नाही. उघडलं तेव्हा दिसलं, टूल शाफ्टातच रुतलेलं. मशीन थांबली की टूल मागं घ्यायचं, हा यांचा नेम कधी चुकला नव्हता. त्या दुपारी हात उचललाच नसेल. आणि टूलच्या टोकाशी चिप तशीच, अर्धी वर आलेली, बुडाशी शाफ्टाला जुळलेली. शाफ्टातून पुरती सुटली नव्हती, तुटली तर नव्हतीच. मी तिच्यावर फडकं टाकलं. रोज काढून पाहायची.

पण धानाचा हंगाम कोणासाठी थांबतो? मिलवाले भले गृहस्थ, दारात अवघडून उभे राहिले. शेवटी मीच म्हटलं, नागभीडचे टर्नर बोलवा, शाफ्ट इथंच पुरा करू द्या. टर्नर वयस्क होते, यांना कधी भेटलेले नव्हते. आल्या आल्या त्यांनी फडकं उचललं, चिप पाहिली, माझ्याकडे पाहिलं. ‘तोडू का, बाई?’ मी मान डोलावली. पकडीनं टचकन मोडली. त्यांनी टूलला धार लावली, मशीन सुरू केली, पुढची चिप वर चढायला लागली. लांब, वेटोळी. मी स्टुलावर कधी बसले, मलाच कळलं नाही.

‘पांढरी,’ मी म्हटलं. ‘पांढरी... पांढरी... पिवळी... अवो, पिवळी पडली!’

त्यांनी मशीन बंद केली. चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे वळले आणि फार मायेनं म्हणाले,

‘मले दिसते, बाई.’