फळ्यावरचा जखमी माणूस

अप्पा, गंगापूरच्या स्टँडवर एसटी सुटता सुटता तुम्ही खिडकीतून येशूच्या पत्रकांचा गठ्ठा माझ्या मांडीवर टाकलात. "मास्तरीण झालीस. आता भ्यायचं नाय," म्हणालात. आई मात्र म्हणाली, "तिथं लई बोलू नको." संभाजीनगर येईपर्यंत मला तिचा राग येत होता. तुमच्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले. छापून वाटलेलं खरं कुणी अडवू शकत नाही, असंच मला वाटायचं.

इथल्या मिशन शाळेत मी सहावीला बायबल शिकवते. गावच्या चर्चमधल्या संडे स्कूलमध्ये सगळी आपलीच ख्रिस्ती पोरं. इथं बौद्ध, मुसलमान, हिंदू आणि थोडे ख्रिस्ती एकाच बाकावर. प्रिन्सिपल सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "गोष्ट सांगा. प्रार्थना नको, आणि पोरांच्या घरी छापील कागद जायला नको."

वाटेवर लुटून टाकलेल्या माणसाची गोष्ट मी सांगितली. देवळातले मोठे लोक त्याला पाहून पुढं निघून गेले. ज्याला सगळे हलका समजत, त्याने जखमा बांधल्या आणि त्याला आपल्या गाढवावर बसवलं.

"मॅम, फिर वो खुद पैदल गया क्या?" इम्रानने विचारलं. वर्ग हसला. सुजाता हसली नाही. "ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याचाच हात लागला की त्याला," ती म्हणाली.

चांगलं उत्तर देणाऱ्याला चित्राचं कार्ड द्यायची आपल्या संडे स्कूलची रीत. हात आपोआप पर्सकडे गेला. मागे बायबलचं वचन छापलेलं कार्ड मी तिला दिलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील कंपनीच्या कपड्यांतच आले. "मॅडम, राग नाय आपला. गोष्ट चांगलीय. पण गल्लीत एकानं पोरीच्या हातात हे पाह्यलं. 'धर्म बदलला का रे?' म्हणतो. उद्या तुमच्या गेटावर माणसं आणंल." कार्ड त्यांनी मुठीत लपवून परत दिलं. मीही ते मुठीतच घेतलं.

मी कुणाचा धर्म बदलायला आलेले नाही, हे ओरडून सांगायला हवं होतं. तोंडून नुसतं 'सॉरी' निघालं. घरी येऊन तुमचा गठ्ठा मी कपाटाच्या तळाशी, ओढण्यांखाली सरकवला.

सिस्टर म्हणाल्या, "या तासाला गणित घ्यायचं का? तुम्हीच ठरवा." गोष्ट सांगायला भ्यायचं, तर शिकवायचं कशाला? मी बायबलचाच तास मागून घेतला. भीती मात्र गेली नाही. आता कार्ड नाही; चित्रं, वचनं, सगळं खडूने फळ्यावर. जिन्यात पावलं वाजली की माझा आवाज खाली येतो.

परवा तीच गोष्ट पुन्हा घेत होते. गेटाशी मोटारसायकली थांबल्या आणि मी वाक्य अर्धंच सोडलं. सुजाता उठली. कुणी न सांगता तिने डस्टर घेतला आणि फळ्यावरचा जखमी माणूस पुसून टाकला. सगळा वर्ग गेटाकडे बघत राहिला. ते पार्सलवाले होते. तरी कुणी हसलं नाही. मग इम्रान हळूच म्हणाला, "मॅम, आगे बोलो."

आई फोनवर विचारते, घरी कधी येतेस. नाताळात येईन. पण तुमच्यासमोर बसून मला ही भीती पहिल्यापासून समजावून सांगावी लागेल. या पोरांना सांगावी लागत नाही. जिथं ती सांगावी लागत नाही, तेच आता मला घर वाटायला लागलंय.