मोसीच्या लेकी

आइसलँडच्या उत्तरेला आमच्या खोऱ्यात रान्वेगच्या हाताला मान होता. कोकराच्या पाठीवर पंजा ठेवला, की मांस किती आणि चरबी किती, ते ती सांगायची. निम्म्या खोऱ्याचे मेंढे तिनंच निवडलेले. पण तिच्या लाडक्या मोसी मेंढ्याच्या कोकरांवर कत्तलखान्यात तीन सालं एकच शिक्का पडत होता : चरबी जास्त.

भाचा ओरी आता शेत बघायचा. त्यानं गेल्या साली कृत्रिम रेतन केंद्रातून बाउटी नावाच्या मेंढ्याचं बीज आणून निम्म्या मेंढ्यांना दिलेलं. डिसेंबर लागला, मेंढे कळपात सोडायची वेळ आली, तसा तो म्हणाला, "आत्ते, औंदा मोसीला कापायचा. बाउटीच्या कोकरांच्या पाठीचं मांस यंत्रानं मोजलं, चार मिलिमीटर जास्त भरलं."

"यंत्राला दात हायत का?"

"मग तुझ्या दातांनी ठरव. चारच उरल्यात म्हणा."

"बाउटीला चार बास हायत."

ठरलं. ज्या कोकराच्या मांडीचं मांस सरस, त्याच्या बापाचं बी पुढं चालायचं. मोसी हरला तर सुरी.

रान्वेगची जुनी रीत होती. मांड्या मिठात घालतानाच ती प्रत्येकीला लोकरीचा धागा बांधायची : त्या साली मोसीच्या कोकराला पांढरा, बाउटीच्या कोकराला काळा. आई मोसीची लेक असली, तर धाग्याला एक गाठ. मग वाळल्या लेंड्यांच्या धुरात मांड्या टांगायच्या.

मी शेजारीण, म्हणून मला पंच केलं. तीन मांड्या उकडून गार केल्या, पातळ काप काढले आणि ज्या मांडीचा धागा तिच्याच बशीखाली सारला.

पहिली बशी चाखून रान्वेग म्हणाली, "बरं हाय."

दुसरी चावता चावता म्हणाली, "ही चप्पल हाय."

तिसऱ्या बशीतला काप तिनं खाल्ला. आणखी एक काप उचलला. ओरीनंही त्याच बशीत हात घातला.

"हा मोसी," ती म्हणाली.

मी बशी उचलली. खाली काळा धागा.

ओरी हसला नाही, तेवढी अक्कल त्याला होती. रान्वेगनं धागा खिडकीशी नेला, बोटांत फिरवला. मधे गाठ लागली.

"आई मोसीची लेक," मी म्हणाले.

"असंल. बाप बाउटीच, हरले मी." तिनं धागा खिशात घातला. "मोसीला शुक्रवारी काप. आन् तू इकायला काढल्यात त्या बारा मेंढ्या कुणाच्या?"

ओरीनं मान खाजवली. "मोसीच्याच लेकी."

"एक बी जायची न्हाई. बाउटीचं बी पैलं त्यांना."

ओरीनं तिच्यासमोरच विक्रीची यादी फाडली.

मोसी म्हातारा, त्याचा खिमा करूनच सॉसेज भरली. पुढच्या आठवड्यात मी गेले, तर रान्वेग जेवत होती.

"राठ हाय मेला," म्हणाली, आणि दुसरं सॉसेज घेतलं.